निवासी संचालक

विनोदिनीला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. लग्नानंतर सणावाराला सासरी, गोव्याच्या किनाऱ्यावरच्या हरमलात यायची तेव्हा सासू म्हणायची, माहेरच्यांनी हिच्या पायाला भिंगरी बांधूनच पाठवलीय. जेवता जेवता उठायची. कुणी बोलत बसलं असलं तर समोरचा कपबश्यांचा ट्रे उगाच इकडचा तिकडे करायची. कारापूरजवळ खाणीच्या जेटीवर ती ऑफिसात होती, तोवर हा स्वभाव कामाला आला. बार्ज धक्क्याला लागायची, माल भरून मांडवीतून खाली सुटायची, की मागची पुढे सरकायची. कुणाची आधी, कुणाची मागे, यावरून खलाशांची भांडणं लागायची आणि ती सोडवायला हाक विनोदिनीला. सकाळी गेलेली बाई संध्याकाळी घसा बसवून घरी यायची आणि त्या दिवशी तिला झोप छान लागायची.

मग एका सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. मोठे साहेब ओडिशाकडे गेले, मालकांचे आणखी चार धंदे होतेच. जेटीवर एक राखणदार राहिला. नवरा सगुण वीज खात्यात. त्याची बदली पेडण्याला झाली आणि बिऱ्हाड कारापूरहून हरमलच्या घरी आलं. भेटायला येणारी माणसं सगुणला म्हणायची, बरं झालं, वयनी आता घराकडे बघेल. तिचं काम गेलं हे वाईट झालं, असं एकानंही म्हटलं नाही. ती गोष्ट विनोदिनीच्या मनात काट्यासारखी राहिली.

घरामागे तीन खोल्या काढल्या होत्या, त्या पर्यटकांना द्यायच्या. रशियन यायचे, इस्रायली यायचे, नंतर दिल्ली-बेंगळुरूची पोरं लॅपटॉप घेऊन यायला लागली. चादरी बदलायच्या, गरम पाण्याचं बघायचं, सकाळी पोदेर आला की पाव घेऊन ठेवायचे. काम होतं, पण आपण नसलो तर कुणाचं अडेल असं ते नव्हतं. अशी नऊ वर्षं गेली.

त्या वर्षी डिसेंबरात कद्री आली. पन्नाशीची, उंच, केस मुलग्यासारखे कापलेले. हरमलात गोरं माणूस दिसलं की लोक रशियन धरून चालतात. ही दरवेळी थांबून सांगायची, मी एस्टोनियाची, आमचा देश छोटा आहे पण वेगळा आहे. इतरांसारखी ती योगाला जाईना की उन्हात पडून राहीना. पहाटे किनाऱ्यावर जायची आणि होड्या पाण्यात ढकलताना बघत उभी राहायची. मग खोलीवर येऊन विनोदिनीला प्रश्न विचारायची. होडी कुणाची असते? इंजिन कोण दुरुस्त करतं? बिघडलं की दिवस कुणाचा बुडतो? विनोदिनीला माहीत नसलं की ती चपला घालून बाहेर पडायची आणि शेजारच्या पांडुरंगला विचारून यायची.

आठवड्याभरात उलगडा झाला. टॅलिन शहरात कद्रीची छोटी कंपनी होती, होड्यांना लावायची बॅटरीवरची इंजिनं बनवणारी. तिकडच्या तळ्यांवर ज्यांना ती घ्यायची होती त्यांची घेऊन झाली होती, आणि दुसऱ्या एका मोठ्या देशातली मोठी कंपनी तशीच इंजिनं घेऊन मागे लागली होती. नवी बाजारपेठ शोधल्याशिवाय कद्रीचा निभाव लागणार नव्हता. इथे तर नजर पोचेल तिथवर होड्या. तिनं नुसत्या हरमल ते मोरजी बघितल्या होत्या आणि तिचे डोळे दिपले होते.

विनोदिनी आधी तिची दुभाषी झाली, मग वाटाडी, आणि फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ तिचं इथलं ऑफिसच झाली. म्हापशाचा सीए साईश, त्याच्याकडे दोघी जायच्या. तिथंच तो कायदा पहिल्यांदा कानावर आला. परदेशी माणसांनी इथे कंपनी काढायची तर निदान एक संचालक असा हवा, जो वर्षातला बराच काळ भारतातच राहतो. साईश म्हणाला, चिंता नको, मुंबईत अशी माणसं भाड्याने मिळतात, एकेकजण वीस कंपन्यांना नाव देतो. कद्री अशा एका गृहस्थाशी फोनवर बोललीसुद्धा. त्यानं सगळं विचारलं, फक्त कंपनी काय बनवते ते विचारलं नाही. म्हापशाहून परत येताना शिवोलीच्या पुलावर कद्री विनोदिनीला म्हणाली, "तू होशील?"

सगुण शांत माणूस. त्यानं ऐकून घेतलं, पानातला भात संपवला, हात धुतले आणि मग बोलला, "नाव त्यांचं, पैसा त्यांचा, घर तेवढं आपलं. उद्या काय झालं तर पोलीस एस्टोनियाला जायचे नाहीत गो. ते इथं येतील."

"नऊ वर्षं मी चादरी बदलतेय," विनोदिनी म्हणाली.

सही करायच्या दिवशी सगुणनं अर्धी रजा काढली आणि तिच्यासोबत गेला.

गावाला ही नवी मौज झाली. कंपनीचं नाव कुणाला धड उच्चारता येईना, म्हणून ते 'बॅटरीवाले' झाले आणि विनोदिनी 'डायरेक्टरीण'. मासे विकणारी बाई दारात टोपली उतरवून हाक मारायची, डायरेक्टरीणबाय, आज बांगडे घेतस काय? विनोदिनी हसायची आणि घ्यायची. रागावण्याइतका वेळ तिला नव्हता. पहिली खेप बंदरात अडकून पडली होती, कारण बॅटरी म्हणजे जोखमीचा माल, त्याला वेगळी परवानगी लागते हे टॅलिनमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. तो सुटेपर्यंत पावसाळा लागला. मग किमतीचा घोळ. इंजिन घेणाऱ्याला ते दोन होड्यांच्या मोलाचं वाटे. विनोदिनीनं सुचवलं, विकू नका, हंगामापुरतं भाड्यानं द्या. कद्रीला ते पटायला महिना लागला. तिच्या गुंतवणूकदारांना आणखी एक. आणि वर अफवा. कुणीतरी उठवलं की या इंजिनाचा करंट पाण्यात उतरतो आणि मासळी पळते.

पहिलं इंजिन पांडुरंगनं घेतलं. मोठा जुना रापणकार, किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढत मोठा झालेला, बोलणं मोजकं. "माझो एक कान केरोसीनच्या इंजनान खाल्लो," तो म्हणाला. "दुसरो ऱ्हवलो तर बरो. पण वयनी, ह्यां मी तुझ्या भरवशार घेतलंय. तेंका मी वळखत नाय."

पांडुरंगबरोबर होडीवर महादेव असायचा, शिरोड्याकडचा, दहाबारा वर्षं त्याच्याच हाताखाली. पांडुरंग मागे इंजिनावर, महादेव पुढे नाळीवर, होडीच्या टोकाशी. नवं इंजिन लावून पहिल्या दिवशी परत आले तेव्हा महादेवनं किनाऱ्यावर सगळ्यांना सांगितलं की आज आयुष्यात पहिल्यांदा मालकाशी ओरडल्याशिवाय बोललो. त्या एका वाक्यानं जे झालं ते विनोदिनीच्या महिनाभराच्या पायपिटीनं झालं नव्हतं. डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या होड्यांनी इंजिनं मागितली, कारण पर्यटकांना शांतता हवी होती आणि त्यासाठी ते चार पैसे जास्त देत होते. पुढच्या फेब्रुवारीत हरमलच्या वाळूवर दहा निळी इंजिनं उभी होती.

ते दिवस विनोदिनीचे खरे. स्कूटर घेऊन ती केरीला जायची, मोरजीला जायची, एकदा कद्रीला घेऊन मालवणला जाऊन आली. रात्री पाय दुखायचे आणि ते दुखणं तिला आवडायचं. कद्री सांगायची, हरमलनंतर मालवण, मग रत्नागिरी, मग केरळ. टॅलिनच्या ऑफिसात भिंतीवर भारताचा नकाशा लागला होता आणि त्यावर, जिथे गोवा दिसतसुद्धा नाही इतका लहान आहे, तिथे एक लाल टाचणी.

एप्रिलात ऊन वाढलं तसं एक नवंच निघालं. डॉल्फिनच्या होडीचं इंजिन भर दुपारी समुद्रात गप्प झालं. समुद्र शांत होता, वल्ह्यांनी परत आले. कद्रीचा इंजिनियर मार्टिन टॅलिनहून फोनवर म्हणाला, बिघाड नाही, बॅटरी फार तापली की ती स्वतःला वाचवायला बंद होते, तशीच बनवलीय. त्यांच्या थंड पाण्यात ती वेळ कधी आलीच नव्हती. सुधारणा करता येईल, पण तपासून पाठवायला पुढचा हंगाम उजाडेल. तोवर काय? कद्री आणि विनोदिनी घरापुढच्या ओट्यावर, बल्कांवात बसून बोलल्या. हंगाम संपायला महिनाच उरला होता. ठरलं की दुपारी इंजिन वापरायचं नाही, बॅटरीवर ओलं गोणपाट टाकायचं. विनोदिनीनं प्रत्येकाला जाऊन बजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. महिनाअखेरीस कद्री मायदेशी गेली, तिकडे उन्हाळा सुरू होत होता.

मेच्या शेवटच्या दिवसांत पांडुरंगला बांगड्यांचा थवा लागला. असा की वर्षात एकदा लागतो. जाळी ओढून होडी भरेपर्यंत सूर्य डोक्यावर आला. मासळी तापत ठेवून चार वाजेपर्यंत समुद्रात कोण थांबेल? ते निघाले. किनारा हाकेच्या अंतरावर आला, लाटा फुटतात त्या पट्ट्यात होडी शिरली, आणि तिथं, नेमकं तिथं, इंजिन बंद झालं. हरमलला धक्का नाही. होडीनं लाटेच्या पाठीवरून सरळ वाळूत यायचं असतं. जोर गेल्यावर ती आडवी झाली. पुढच्या लाटेनं ती उलटवली. महादेव दोर घेऊन उडी मारायच्या बेतात होता, तो होडी आणि वाळू यांच्यामध्ये सापडला.

विनोदिनी धावत पोचली तेव्हा माणसांनी होडी उचलली होती. पाण्यावर बांगडेच बांगडे. महादेव वाळूत पडला होता, चेहरा राखेसारखा, ओरडत नव्हता. उजवी मांडी भलतीकडे वळलेली. पांडुरंग गुडघाभर पाण्यात, इंजिन दोन्ही हातांनी धरून उभा.

"लाटेतच बंद पडला," तो म्हणाला. इतकंच.

रुग्णवाहिकेत ती महादेवबरोबर बांबोळीच्या इस्पितळापर्यंत गेली. त्याची बायको कमल शिरोड्याहून आली तोवर थांबली. तिथूनच तिनं कद्रीला फोन केला. कद्री रडली. पाय वाचेल ना, हे तीनतीनदा विचारलं. डॉक्टर म्हणाले होते वाचेल, पण सळी घालावी लागेल आणि पुन्हा होडी ढकलण्याइतका तो होईल की नाही सांगता येत नाही. विनोदिनीनं ते तसंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी फोनवर कद्री एकटी नव्हती. तिकडचा वकील होता. त्याचा आवाज मऊ होता. संचालकांनी कुणाशी बोलू नये, तो म्हणाला. चौकशी होईपर्यंत कंपनी कोणताही निर्णय घेणार नाही. बाकीची इंजिनं? तीही आहेत तशी असू देत, ती काढून घेतली तर दोष कबूल केल्यासारखं होईल. आणि कद्रीनं तूर्त भारतात जाऊ नये, कारण तिथे तिला अडकवून ठेवण्याची शक्यता आहे.

मग मला नाही का कुणी अडकवून ठेवणार, असं विनोदिनीच्या ओठावर आलं होतं. तिनं फोन ठेवला आणि घरात फेऱ्या मारायला लागली. स्वयंपाकघरातून पुढच्या दारापर्यंत, दारातून परत. खिडकीतून किनारा दिसत होता. नऊ होड्यांना नऊ निळी इंजिनं. पावसाळी बंदीला अजून चारपाच दिवस होते आणि मासळी जवळ आली होती. उद्या सगळे जाणार. तिनं मार्टिनला स्वतःहून फोन लावला आणि एकच विचारलं, दुसऱ्या कुठल्या इंजिनाचं असं होणार नाही, याची खात्री देतोस का? मार्टिन म्हणाला, नाही.

ऊन उतरायच्या आधी ती वाळूवर गेली. पहिल्या होडीजवळ उभी राहून म्हणाली, बॅटरी काढा, इंजिन परत द्या. होडीवाला चिडला. हंगामाचं भाडं भरलंय, जुनं इंजिन गुंडाळून माळ्यावर टाकलंय, उद्या जायचं कशानं? बाकीचे जमले. एकानं विचारलं, "तुका कोणी सांगितलां? कंपनीन?"

"कंपनीनं नाही सांगितलं," विनोदिनी म्हणाली. "मी सांगतेय. मी संचालक आहे."

वर्षभर ज्या शब्दावर सगळं गाव हसत आलं होतं, त्यावर त्या वेळी कुणी हसलं नाही. थोडी कुरकुर झाली, मग एकानं पान्हा मागितला. सगुण कामावरून परस्पर तिथंच आला. काही न विचारता त्यानं एकेक बॅटरी स्कूटरवर पायांमध्ये ठेवून घरी न्यायला सुरुवात केली. अंधार पडेतो तो जात-येत राहिला. पर्यटकांच्या तीन खोल्यांपैकी एक इंजिनांनी भरली.

आठवड्यानं वकिलाकडून मजकूर आला. चालकानं स्पष्ट सूचना मोडून भर दुपारी इंजिन वापरलं, त्यातून अपघात झाला, असा त्याचा सारांश. खाली विनोदिनीची सही हवी होती, भारतातली संचालक तीच होती. सही झाली की विमा कंपनी हात सैल सोडणार होती. कद्रीचा फोन आला.

"यात खोटं काय आहे?" कद्री म्हणाली. "तूच त्याला सांगितलं होतंस, दुपारी नको."

"सांगितलं होतं."

"मग?"

"मासळी दुपारी मिळाली. तू असतीस तर तूही परत फिरली असतीस. आणि इंजिन बंद पडतं हे आपल्या दोघींना ठाऊक होतं. यात ते कुठे आहे?"

"ते लिहिलं तर आम्ही संपलो, विनोदिनी. इथे बारा माणसं आहेत."

"इथे पांडुरंग आहे," विनोदिनी म्हणाली. "शेजारी."

तिनं सही केली नाही. पोलिसांनी बोलावलं तेव्हा तिनं एप्रिलपासूनचं सगळं सांगितलं. ठरवलं काय, बजावलं काय, झालं काय. पुढे वरचेवर बोलावणी येत राहिली. दारात गाडी थांबल्याचा आवाज आला की ती हातातलं टाकून उभी राहायची. खरं सांगितल्यानं गावात मान वाढली, असंही काही झालं नाही. पांडुरंग तिच्याशी बोलेनासा झाला. समोरून आला तर मान खाली घालून वाट बदलायचा. त्याच्या घरून मासळीचा वाटा यायचा, तो थांबला. विनोदिनीला वाटायचं, त्यानं एकदा शिव्या तरी द्याव्यात.

जूनच्या मध्यावर, कुणाला न कळवता, कद्री आली. वकिलानं नको म्हटलं असताना आली. बल्कांवात ओली बॅग टेकवून बसली आणि आधी भांडली. तू मला भारत गमावायला लावलास, म्हणाली. मी तुझ्यावर विश्वास ठेवला होता.

विनोदिनी त्या दिवशी उठली नाही, हातानं काही चाळाही केला नाही. "विश्वास मीही ठेवला होता," ती म्हणाली. "तुला निघून जायला देश होता. मी कुठे जाणार? निवासी म्हणजे काय, ते मला या महिन्यात कळलं."

कद्री उठून उभी राहिली. मग म्हणाली, मला त्याच्याकडे घेऊन चल.

महादेव तेव्हा इस्पितळातून सुटून पांडुरंगच्याच पडवीत खाटेवर होता. कद्री खुर्ची नाकारून जमिनीवर बसली. तिनं माफी मागितली, सावकाश, शब्द शोधून. विनोदिनीनं ती सांगितली. महादेव म्हणाला, "माफी कळली म्हणान सांग तिका. आता माका ह्यां सांगाक सांग, पुढल्या हंगामात घरात काय शिजतला?"

आजवर इकडचं बोलणं तिकडे नेताना विनोदिनी त्याच्या कडा थोड्या घासून न्यायची. होडीवाल्यांची शिवी कद्रीपर्यंत तक्रार होऊन पोचायची, कद्रीचा हट्ट इकडे विनंती होऊन. त्या दिवशी तिनं काही घासलं नाही. महादेवचा प्रश्न होता तसा इंग्रजीत ठेवला. पांडुरंग आतल्या दाराशी उभा होता, त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण तो विनोदिनीच्या तोंडाकडे बघत होता.

कद्री चार दिवस राहिली. उपचाराचा खर्च आणि महादेव उभा राहीपर्यंत घर चालेल इतकं देण्याचं तिनं कबूल केलं आणि ते पाळलं. त्यासाठी काय करावं लागलं ते विनोदिनीला नंतर कळलं. विमा कंपनीनं बराचसा भार नाकारला, गुंतवणूकदार मागे हटले, आणि कद्रीनं आपली कंपनी त्याच मोठ्या देशातल्या मोठ्या कंपनीला विकून टाकली, जिच्यापासून पळत ती हरमलपर्यंत आली होती. नव्या मालकांना भारत नको होता. भिंतीवरचा नकाशा निघाला असणार.

कंपनी उघडायला जेवढे दिवस लागले, त्याच्या कितीतरी पट बंद करायला लागले. इंजिनं परत गेली, खोली रिकामी झाली, पण कायद्याच्या लेखी कंपनी जिवंत आणि विनोदिनी तिची संचालक. न झालेल्या व्यवहारांचे हिशेब सादर करायचे, न झालेल्या सभांवर सह्या करायच्या. साईशकडे जाताना बसमध्ये तिला वाटायचं, मेलेल्या माणसाच्या नावानं आपण अजून पाणी भरतोय. त्याच काळात हळर्णेच्या एकानं तिला विचारलं, शापोरा नदीत पर्यटकांसाठी होड्या सुरू करतोय, बुकिंगचं बघशील का? ती बघू लागली. तिथे पाणी संथ. काठावर उभी राहिली की तिच्या मनात यायचं, ती निळी इंजिनं इथं ठेवली असती तर? कद्रीला समुद्र हवा होता, आणि तेव्हा तो विनोदिनीलाही हवा होता.

महादेव वर्षानं चालायला लागला, लंगडत. होडी ढकलणं संपलं. तो जाळी विणतो, विकतो, पांडुरंगची मासळी लिलावाला लावतो. त्यानं तक्रार पुढे नेली नाही आणि पोलिसांचं प्रकरण रेंगाळत मिटलं. पांडुरंगनं केरोसीनचं इंजिन पुन्हा लावलं. विनोदिनीशी तो पहिल्यांदा बोलला तो सासूच्या तेराव्याला, आणि तेही पंगतीत आणखी भात हवा का एवढंच.

यंदा हिवाळ्यात कंपनी एकदाची कागदावरून पुसली गेली. त्यानंतर पंधरवड्यातच मार्टिनचा फोन आला. तो आता मोठ्या कंपनीत होता. त्यानं सांगितलं की बॅटरी तापली तरी इंजिन एकदम बंद पडू नये, जोर हळूहळू उतरावा आणि किनारा गाठण्याइतका शिल्लक राहावा, अशी नवी रचना त्यानं केलीय. ब्राझीलला, श्रीलंकेला ती इंजिनं चांगली खपतायत. कंपनीत आतल्या वापरासाठी त्या रचनेला नाव द्यावं लागतं, ते त्यानं 'हरमल' दिलंय. आणि आता कंपनीला पुन्हा भारतात यायचंय, या वेळी तयारीनं. इथली माणसं ओळखणारी संचालक हवी. पगार मागच्यापेक्षा बराच मोठा.

विनोदिनीनं विचार करायला वेळ मागितला. सगुणला सांगितलं, तो म्हणाला, या खेपेला मी काही बोलत नाही, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. हे ऐकून ती अधिकच अस्वस्थ झाली. दोन दिवस तिच्या हातून मीठ कमीजास्त पडत राहिलं. तिसऱ्या दिवशी ती पांडुरंगच्या पडवीत गेली. दोघंही होते. महादेव जाळ्यात बसून सुई ओढत होता. तिनं सगळं सांगितलं, त्या नावासकट.

महादेवनं सुई थांबवली. "हरमल कित्याक?" तो म्हणाला. "महादेव म्हणाक काय झालां?"

पांडुरंगनं विडी पेटवली. काडी विझवून त्यानं विचारलं, आता ते इंजिन लाटेत बंद पडत नाही, हे नक्की काय? ती म्हणाली, तसं ते सांगतात. "सांगतत," पांडुरंग म्हणाला आणि धूर सोडला. मग म्हणाला, तेव्हाही सांगत होते, पण फोनवरून.

घरी येऊन तिनं कंपनीला उत्तर लिहिलं. पगाराबद्दल एक ओळही लिहिली नाही. लिहिलं की तुमचा एक माणूस, इंजिन बनवणाऱ्यांपैकी, बारा महिने हरमलात राहणार असेल, मे महिन्यातसुद्धा, आणि पहिला महिना तो स्वतः होडीत नाळीवर बसून दुपारच्या उन्हात किनाऱ्याला येणार असेल, तर पुढचं बोलू. नाहीतर मुंबईत माणसं भाड्यानं मिळतात.

उत्तर अजून आलेलं नाही. तिकडे म्हणे यावर बैठका चालू आहेत. आपल्याला ते यावंसं वाटतंय की नाही, हे विनोदिनीला ठरवता येत नाही. हळर्णेहून परतताना ती फोन बघते, खिशात टाकते, पुढच्या वळणावर स्कूटर थांबवून पुन्हा बघते.